मागे घेतलेले पाय

खिदिरपूर, कलकत्ता
७ एप्रिल १९७४, झावळ्यांचा रविवार

प्रिय मनोहर,

येशूच्या नावात तुला, लीनाला आणि छोट्या खुकूला सलाम.

खिदिरपूरहून डमडमला पत्र टाकणारा बाप साऱ्या कलकत्त्यात दुसरा सापडायचा नाही. ट्रामने धरमतल्ला, तिथून बसने सियालदा आणि पुढे लोकलने दोन स्टेशनं. घरून चहा पिऊन निघालो तर दुसरा चहा तुझ्याकडे घेता येईल, एवढंच अंतर. तरी पोस्टमनच्या थैलीतून येतोय, कारण समोर बसलो की मी काय करतो ते तुला माहीत आहे. घसा खाकरतो, चष्मा पुसतो आणि ट्रामच्या गर्दीवर चार वाक्यं बोलून उठतो. तुझी आई म्हणायची, चर्चमध्ये तासभर प्रार्थना करता, पण घरात एक खरी गोष्ट सांगायची म्हटली की तुमची दातखिळी बसते.

तुझं मराठी वाचन अजून ठेचा खात चालतं हे ठाऊक आहे, म्हणून अक्षर मोठं आणि सुटं काढतोय. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुला सोपं गेलं असतं. पण कस्टममध्ये तीस वर्षं इंग्रजीत अहवाल लिहिले आणि त्या भाषेत नको ते गाळून लिहायची मला फार सवय झाली. हे पत्र काही न गाळता लिहायचं आहे. तीन वर्षांपूर्वी लीना लग्न करून आपल्या घरी आली, माझ्या पाया पडायला वाकली आणि मी पाय मागे घेतले. का घेतले ते मी तिला सांगितलं नाही, तुलाही नाही. आज सांगतो. वाचून झालं की तू ते तिला तिच्या भाषेत सांग. त्यानंतर या घराचा उंबरा पुन्हा ओलांडायचा की नाही, हे तिने ठरवावं. ओलांडावा असं मला फार वाटतं, आणि हे म्हणायला मी तीन वर्षं लावली.

आज चर्चमध्ये पोरांनी नारळाच्या झावळ्या हलवत फेरी काढली. दरवर्षी त्यांच्यामागे मोठ्या आवाजात गात मी चालायचो. यंदा मागच्या बाकावर बसून राहिलो. उपासना संपल्यावर पाळकसाहेब जवळ आले आणि म्हणाले, नगरकर, गुरुवार आला, घंगाळ घासून ठेवलंत ना. मी नुसती मान हलवली. घरी आलो, बिनसाखरेचा चहा केला, पाय स्टुलावर ठेवला आणि लिहायला बसलो. तुझी आई जाऊन आज अकरा आठवडे झाले. मसाल्याच्या डब्यांवर तिने चिकटवलेल्या चिठ्ठ्या तशाच आहेत. 'धणे', 'हळद', आणि एका डब्यावर 'हा उघडू नका'. काल उघडला, आत नारळाचे लाडू होते, लीनाने दिलेले, वास आलेले. टाकवले नाहीत.

तुम्ही आलात तो मे महिना होता, एकाहत्तर साल. या लग्नाला मी आडवा आलो नव्हतो हे तुला मान्य करावं लागेल. उलट माझ्या मोठ्या मनाचं मलाच फार कौतुक होतं. बराकपूरच्या भट्टाचार्यांची मुलगी, वडील संस्कृतचे मास्तर, घरात देवपूजा. ते लोक अजून नाकं मुरडत होते आणि मी मात्र पाळकसाहेबांना सांगून मोकळा झालो होतो की बाप्तिस्म्याची अट कोणी घालायची नाही, प्रभूने कुणाला अट घातली होती का. दारात तुझी आई ओवाळायचं की प्रार्थना करायची या घोळात होती, शेवटी तिने दोन्ही केलं. लीना लाल काठाच्या साडीत, डोक्यावर पदर घेऊन आत आली. आईच्या पाया पडली, आईने तिला उचलून पोटाशी धरलं. मग ती माझ्याकडे वळली आणि वाकली. तिचे हात माझ्या पावलांपासून वीतभर लांब होते. पुढचं माझ्या हातून झालं असंही मला म्हणता येत नाही. मी उडी मारल्यासारखा मागे गेलो, कंबर टेबलावर आपटली, पाण्याचा तांब्या लवंडला आणि तोंडातून निघालं, 'शिवू नका, शिवू नका.'

ती तशीच वाकलेली राहिली. माझे पाय जिथे होते तिथे तिचे हात फरशीवर टेकलेले होते आणि तांब्यातलं पाणी त्यांच्याकडे ओघळत होतं. तिने मान वर करून तुला विचारलं, काय म्हणाले. तू सांगितलंस. न सांगून काय करणार होतास? तिच्या आजीच्या स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या बाईला रोज ऐकवलेले शब्द ते, पुढे आईने मला सांगितलं. स्वतःसाठी ते शब्द लीनाने जन्मात पहिल्यांदा ऐकले, आणि ते तिच्या सासऱ्याच्या तोंडून, ज्याच्या भिंतीवर 'देव प्रीती आहे' असं लिहिलेली पाटी टांगलेली होती. जेवताना ती माझ्यापासून एक जागा सोडून बसली. मी मटणाची वाटी पुढे केली तर तिने ती तुझ्या हातून घेतली.

त्या दिवशी मी चार वाक्यं बोललो असतो तर सगळं मिटलं असतं. बोललो नाही. तुम्ही सगळ्यांनी आपापसात कारण शोधून काढलं. ख्रिस्ती माणूस, चर्चचा वडील म्हणजे पंचांतला एक, हिंदू मुलीचा नमस्कार त्याला चालत नाही. पाळकसाहेबांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, बरोबर केलंत, गुडघे टेकायचे ते एका प्रभूपुढेच. आणि मनोहर, मी ती शाबासकी घेतली. नाही म्हणालो नाही. तुम्ही डमडमला खोली घेतलीत, तिथे पाणी दुसऱ्या मजल्यावर चढत नाही हे माहीत असूनही घेतलीत, आणि मी शेजारी सांगत सुटलो की हल्लीच्या मुलांना स्वतंत्र राहायला आवडतं.

त्याच पावसाळ्यात पूर्व बंगालातून माणसांचे लोंढे आले. आमच्या चर्चची माणसं छावणीत जायची, मीही रविवार सोडून रोज संध्याकाळी जाऊ लागलो. चिखलाने सडलेले पाय, बोटांच्या बेचक्यात जखमा. मी घरून घंगाळ नेलं, पाण्यात औषध टाकून एकेकाचे पाय धुवायला बसलो. एक म्हातारा होता, फरीदपूरकडचा, त्याचे पाय हातात घेतले तर तो रडायला लागला आणि मीही रडलो. लोक म्हणाले, नगरकरबाबू म्हणजे प्रभूच्या पावलावर पाऊल. मला ते खरं वाटलं. डमडमला माझी सून दुसऱ्या मजल्यावर बादल्या चढवत होती, आणि मी परक्यांचे पाय धुऊन घरी येऊन शांत झोपत होतो.

मग बाहत्तरचा पवित्र गुरुवार. तो दिवस तू विसरला नसशील. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या संध्याकाळी प्रभूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, म्हणून आपल्या घरी त्या दिवशी चर्चची दहाबारा माणसं जमतात आणि मी तेच करतो. तू लहान असताना तुझ्या पावलांना गुदगुल्या व्हायच्या आणि सगळी प्रार्थना हसण्यात जायची. त्या वर्षी मी तुम्हा दोघांना निरोप पाठवला. तू एकटा आलास. रांगेत शेवटी बसलास. मी घंगाळ सरकवत तुझ्यापुढे आलो, गुडघे टेकले, हात पुढे केले, आणि तू पाय खुर्चीखाली घेतलेस. म्हणालास, जिला तुम्ही शिवून घेत नाही तिचा मी नवरा आहे, हे पाय धुऊ नका. चप्पल घालून निघून गेलास. दहा माणसं बघत होती. मी घंगाळातलं पाणी मोरीत ओतलं आणि सगळ्यांना चहा विचारला. राग आला होता तुझा. खरं सांगायचं तर आजपर्यंत होता.

तुझी आई मात्र बुधवार चुकवत नव्हती. सकाळी डबा भरायचा, पिशवीत कधी शेवग्याच्या शेंगा, कधी खुकूची दुपटी, आणि डमडम. परत आली की तिच्या पायांना मोहरीच्या तेलाचा वास यायचा. पहिल्यांदा मी विचारलं तर म्हणाली, सून पाय चोळून देते, गुडघे दुखतात ना माझे. मी म्हटलं, बंगाल्यांच्या तेलाने घरभर वास सुटलाय. ती म्हणाली, तुमच्या नाकाला वास आला, हेही नसे थोडके. मग एकदा संध्याकाळी दिवे गेले होते, दोघं गच्चीत बसलो होतो, बंदरात भोंगे वाजत होते. ती म्हणाली, दुसऱ्याचे पाय धुण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही. पण आपले पाय कुणाच्या हातात देऊन गप्प बसायचं, ते तुम्हाला येत नाही. येशूला दोन्ही यायचं. मी म्हटलं, बायबल मला शिकवू नकोस. ती उठून मेणबत्ती आणायला गेली.

तिला सगळं ठाऊक होतं. लग्नाच्या आधीच मी सांगितलं होतं, कारण तिचे वडीलही त्याच वाटेने आले होते. तिने कधी ते लपवलं नाही, उगाळलंही नाही. जानेवारीत छातीत कफ भरला आणि आठव्या दिवशी ती गेली, त्याआधी दोन दिवस धाप लागत असताना तिने माझा हात धरून फक्त एवढंच म्हटलं, पोरीला सांगा हो. कुठल्या पोरीला, काय, हे विचारायची गरज नव्हती. मी 'हो' म्हणालो. खोटं बोललो की काय ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

आणि मग कबरस्तान. पेटी अजून उघडी होती. लीना आली, तिने आईच्या पायांवर कपाळ टेकलं आणि किती वेळ तशीच राहिली. आईने पाय मागे घेतले नाहीत, एवढंच तेव्हा माझ्या मनात आलं, कसं येतं बघ माणसाच्या मनात. मग ती उठली, माझ्या दिशेने आली, चार पावलांवर थांबली आणि तिथूनच हात जोडले. पुढे आली नाही. तेवढ्यात खुकू तिच्या कडेवरून उतरली. नुकती चालायला लागलेली ती, माझ्या काठीची पितळी मूठ चमकत होती त्या रोखाने हात पुढे करून निघाली. दोन पावलं राहिली होती. मी वाकणार होतो. लीनाने पुढे होऊन तिच्या फ्रॉकची मागची चिमूट धरली आणि तिला हळूच मागे ओढलं. रागाने नव्हे. माझ्याच भल्यासाठी, मला पुन्हा उडी मारावी लागू नये म्हणून. तुझं लक्ष नव्हतं, तू पेटीचं झाकण धरायला वळला होतास. मी तिथेच मातीच्या ढिगावर बसलो, आणि लोकांना वाटलं बायकोच्या दुःखाने बसलो. तेही होतंच. पण मनोहर, लेकरू मागे ओढणारा तो हात मी आधी एकदा पाहिला होता.

मी सहा वर्षांचा होतो. नगर जिल्ह्यातलं आमचं गाव, त्याचं नाव तुला कधी सांगितलं नाही. माझे आजोबा, तुझे पणजोबा, त्यांचं नाव धोंडू. बाप्तिस्म्यानंतर याकोब, पण गावाला धोंड्याच. आम्ही त्या गावचे महार, मनोहर. गावाचे निरोप पोचवायचे, मेलेलं ढोर ओढायचं, आणि कुणाच्या वाटेत यायचं नाही. माझे वडील मिशनच्या शाळेत शिकून मास्तर झाले होते, घरात बायबल होतं, भिंतीवर घड्याळ होतं. आजोबांच्या पायांना मात्र ते काही कळलं नव्हतं. त्या दिवशी मी त्यांचं बोट धरून चाललो होतो. समोरून कुलकर्ण्यांचं एक रांगतं-चालतं पोर माझ्या हातातली चिंचेची फांदी बघून दुडदुडत आलं, हात पुढे करून. आजोबांनी मला खसकन ओढलं आणि आम्ही दोघं मागे गेलो, सरळ फड्या निवडुंगात. आजोबा ओरडत होते, 'शिवू नका, शिवू नका.' पोराला शिवल्याचा दोष आपल्या डोक्यावर येईल या भीतीने. मागून त्याची आई आली, तिने पोराच्या अंगरख्याची चिमूट धरली आणि मागे ओढलं. आमच्याकडे बघितलंही नाही.

संध्याकाळी वडील आजोबांच्या टाचांतले काटे काढायला बसले. आजोबा पाय देईनात. म्हणाले, तू मास्तर माणूस, माझ्या पायांना हात लावू नको. वडिलांनी ऐकलं नाही. घंगाळात कोमट पाणी घेतलं, आजोबांचे पाय जबरदस्तीने मांडीवर घेतले, एकेक काटा काढला आणि पाय धुतले. पाणी तांबडं झालं. आजोबा सगळा वेळ तोंड भिंतीकडे करून बसले होते. पुढच्या पवित्र गुरुवारपासून वडिलांनी घरात ही चाल पाडली. ते घंगाळ हेच. तुला मी सांगत आलो की आपण हे करतो कारण शुभवर्तमानात लिहिलंय. अर्धंच सांगत आलो.

बेचाळीस साली कलकत्त्याला नोकरी लागली तेव्हा अर्जात आडनावाची रेघ होती. मी 'नगरकर' लिहिलं. कोणी विचारलं नाही, कोणी अडवलं नाही. बंदरावर पेट्यांचे दुहेरी तळ शोधून काढण्यात माझा हातखंडा होता हे तुला माहीत आहे, आणि आपली पेटी मी कुणाला कधी वाजवून बघू दिली नाही. तू दहा वर्षांचा असताना महाराष्ट्र मंडळात नाटक बघायला गेलो होतो, आठवतं? बँकेतले विनायकराव, नुकते बदलून आलेले, तुझ्या गालाला हात लावून म्हणाले, नगरचे म्हणजे कोण तुम्ही. मी म्हटलं, ख्रिस्ती. ते म्हणाले, हो हो, पण त्याआधी? मी म्हटलं, त्याआधी शेतकरी, पाटलांच्या शेजारी घर. त्यांनी मला पान दिलं. पेत्राने प्रभूला तीनदा नाकारलं आणि कोंबडा आरवल्यावर बाहेर जाऊन रडला. मी धोंडू याकोबाला किती वेळा नाकारलं त्याचा हिशेब नाही. खिदिरपुरात कोंबड्यांना तोटा नाही, रोज पहाटे आरवतात. मी कूस बदलून झोपायचो.

तर असं झालं त्या मे महिन्यात. भट्टाचार्यांच्या घरची मुलगी माझ्या पायांकडे हात करून वाकली आणि मी सहा वर्षांचा झालो. मागे निवडुंग आहे की टेबल, हे पाहायला वेळच नव्हता. माझे पाय तिला विटले नव्हते रे, घाबरले होते. तिला विटाळ होईल म्हणून घाबरले होते, सत्तावन्न वर्षांच्या सरकारी नोकराचे, चर्चच्या वडिलाचे पाय. आणि हे मी तिला सांगितलं नाही कारण सांगायचं तर धोंडूपासून सांगावं लागलं असतं, तेही एका ब्राह्मणाच्या लेकीला. तिने मला कर्मठ ख्रिस्ती समजावं, दगडाच्या काळजाचा समजावं, ते मला चाललं. महार समजू नये. याची लाज मला आज वाटते, तेव्हा वाटली नाही. त्यापायी तुझा संसार माझ्या दाराबाहेर गेला, तुझ्या आईने बुधवार मोजत शेवटची वर्षं काढली, आणि माझ्या आजोबांना जितकं लांब उभं राहावं लागायचं तितकंच लांब मी एका निष्पाप पोरीला उभं केलं. प्रभूसारखं वागतो म्हणून मिरवत होतो मी. गावात बदनाम झालेली बाई त्याच्या पायांवर रडली, केसांनी पाय पुसले, तेव्हा जेवायला बोलावणारा यजमान कुरकुरला, पण प्रभूने पाय मागे घेतले नाहीत. सगळ्या जन्मात ते शंभरदा वाचलं असेल मी, मोठ्या आवाजात, लोकांना ऐकवत.

आता हे सगळं आजच का, ते सांगतो. डिसेंबरात उजव्या पायाच्या अंगठ्याला बूट चावला होता. साखरेच्या आजाराने त्या पायाची जाणीव आधीच गेलेली, दुखलं नाही म्हणून मी पाहिलं नाही, आणि मग आईचं आजारपण आलं. आता पाय घोट्याच्या वरपर्यंत काळा पडला आहे. ईस्टरनंतरच्या मंगळवारी डॉक्टर तो गुडघ्याखालून कापणार आहेत. सोमवारी दुपारी हॉस्पिटलात यायला सांगितलंय. तुला कळवायचं नाही असं ठरवलं होतं, पण कॅलेंडर पाहिलं तर त्या सोमवारी पोयला बैशाख आहे. नव्या वर्षाच्या सकाळी तुम्ही लीनाच्या आईवडिलांच्या पाया पडायला बराकपूरला जालच. त्याआधी तासभर खिदिरपूरला याल का? माझी सेवा करा, मला घरी न्या, असं काही मागत नाही. गुडघे टेकता आले असते तर घंगाळ घेऊन मीच डमडमला आलो असतो आणि तिचे पाय धुतले असते, पण यंदा गुरुवारी मी कुणाचेच धुऊ शकत नाही. हे सगळं तिला सांग, धोंडूसकट सांग, काही गाळू नकोस. ऐकून तिला यावंसं वाटलं नाही तर तिला एका शब्दाने बोलू नकोस. आली तर दारात कोणी ओवाळायला नाही, तशीच आत येऊ दे, आणि खुकूला मोकळी सोडा, कुणी तिचा फ्रॉक धरू नका. लीनाला लग्नाच्या दिवशी जे करायचं होतं ते अजून करावंसं वाटलं तर मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेला असेन. उजवा पाय मागे जायचा नाही, त्याला आता काही कळतच नाही. डाव्याला सगळं कळतं, त्याचा भरवसा मला देता येत नाही, तो आजोबांचा आहे. पण मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसेन.

तुझाच,
बाबा